विवाहितांच्या रकान्यातली एक जागा

क्लॉडेटबाईंच्या बोटात लग्नाची अंगठी सहा वर्षांनी पुन्हा चढली ती भांडी घासायच्या साबणाच्या जोरावर, आणि तीही कुणाच्या प्रेमाखातर नव्हे, भाचीच्या नोकरीखातर.

भाचीचं नाव जोसलिन. विस्कॉन्सिनमधल्या हॅलेक शहराच्या महापौराची निवडणूक एप्रिलमध्ये होती आणि खुर्चीवर बसलेले महापौर लिंडक्विस्ट पुन्हा उभे होते. त्यांच्या प्रचार कचेरीत जोसलिनला माणसं जमवायचं काम मिळालं होतं. मत द्यायला नव्हे, बोलायला. एका खोलीत आठ जणांना बसवायचं, सँडविच खायला घालायचं आणि ते काय बोलतात ते काचेआडून ऐकायचं, असा सगळा प्रकार. पण कुठलेही आठ चालत नसत. सोमवारी आठ गोरे विवाहित पुरुष, तर बुधवारी आठ गोऱ्या अविवाहित बायका. त्या मंगळवारी आठ कृष्णवर्णीय विवाहित बायका हव्या होत्या आणि संध्याकाळ तोंडावर आली तरी जोसलिनकडे सातच होत्या.

"मावशी, एकीच्या पोराला ताप आलाय गं! ब्रेंटने मागच्याच आठवड्यात सांगितलंय, पुन्हा खुर्ची रिकामी दिसली तर माझीही खुर्ची रिकामी."

"अगं, पण माझा घटस्फोट झालाय."

"एकोणीस वर्षं संसार केलास ना? अनुभव तर आहे!"

क्लॉडेटबाई शाळेच्या स्वयंपाकघराच्या मुख्य होत्या. रोज चारशे पोरांना वाटाणे खायला लावणारी बाई. कुणाच्या रडण्याने सहज विरघळणारी नव्हे. पण जोसलिन याआधी दोन नोकऱ्या गमावून त्यांच्याच माडीवरच्या खोलीत येऊन राहिली होती, रात्रंदिवस गिटार वाजवत. ती गिटार आठवली आणि बाईंनी ओट्यावरचा साबण उचलला.

या सगळ्या कारखान्याचा सूत्रधार ब्रेंट. तिशीचा पोरगा, वॉशिंग्टनहून मुद्दाम आणलेला. माणसाचा रंग सांगा, बाई की पुरुष ते सांगा, लग्न झालंय का ते सांगा, तो मत कुणाला देणार हे मी सांगतो, असा त्याचा दावा. माणसाचं नाव त्याला लागत नसे. त्याच्या भिंतीवर मोठा तक्ता होता आणि त्यात हॅलेकमधला जिवंत माणूस कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसवलेला होता. गोरे विवाहित पुरुष लिंडक्विस्टांचे. त्यांच्या बायका बऱ्याचशा त्यांच्याबरोबर. अविवाहित बायका, मग त्या कुठल्याही रंगाच्या असोत, प्रतिस्पर्धी ग्रेटा हॉफनरच्या. नदीच्या उत्तर काठावरची कृष्णवर्णीय वस्तीही हॉफनरचीच. "पण तिथल्या विवाहित बायका," ब्रेंट कपाळावर बोट आपटत म्हणे, "तिथे फट आहे. तिथून आत शिरायचं."

ती फट म्हणून क्लॉडेटबाई संध्याकाळी खुर्चीत बसल्या. प्रश्न विचारणारी बाई फारच गोड आवाजाची होती. सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारायची, असा तिथला रिवाज होता.

"घरी राजकारणावरून वाद होतात का?" तिने विचारलं.

बाकीच्या सात जणी एकदम बोलू लागल्या. एकीचा नवरा टीव्हीशी भांडायचा, एकीचा टीव्ही बंद केल्यावर तिच्याशी. क्लॉडेटबाई निमूटपणे सँडविच खात होत्या. खोटं कमीत कमी बोलायचं, असं त्या ठरवूनच आल्या होत्या.

"आणि तुमच्याकडे, क्लॉडेट?"

"आमच्या घरात गेल्या सहा वर्षांत राजकारणावरून एक शब्द झालेला नाही."

"म्हणजे तुमचं दोघांचं मत एकच असतं?"

"त्याचं काय असतं मला ठाऊक नाही. मी विचारत नाही, तो सांगत नाही."

"आणि एरवी? घरकामावरून काही कुरबुरी?"

"छे! पूर्ण शांतता. रिमोट माझ्या हातात असतो. बेसिनमध्ये दाढीचे केस नसतात. घोरणं म्हणाल तर, ते मी विसरूनच गेलेय."

शेजारची बाई पुढे वाकली. "त्याला एखादा भाऊ आहे का गं?"

खोली हसली. काचेपलीकडे मात्र ब्रेंट हसला नाही. तो उठून काचेला नाक लावून उभा राहिला.

"मग तुमचं मत मिळवायला महापौरांनी काय करायला हवं?" गोड आवाजाने विचारलं.

इथे मात्र क्लॉडेटबाईंना अभिनयाची गरजच उरली नाही. "सांगते! रात्रभर बर्फ पडतो. सकाळी उठून, कंबर मोडेपर्यंत, मी दारातली गाडीची वाट मोकळी करते. आत येते, कॉफी तोंडाला लावते, तोच शहराची बर्फ लोटायची गाडी येते आणि अख्ख्या रस्त्याचा बर्फ माझ्या दारात ढकलून जाते. दगडासारखा! जो महापौर त्या गाडीच्या ड्रायव्हरला जरा पातं फिरवायला शिकवेल, त्याला माझं मत."

"यजमान मदत करत नाहीत?"

"तो तेव्हा नदीपलीकडे असतो."

"कामावर?"

क्लॉडेटबाईंनी सँडविचचा एवढा मोठा घास घेतला की गोड आवाजाला पुढच्या बाईकडे वळावं लागलं.

दोन दिवसांनी जोसलिन घरी आली तेव्हा बाई बोटाला लोणी चोळत बसल्या होत्या. अंगठी चढली होती, उतरत नव्हती.

"मावशी, राहू दे ती. अजून लागणार आहे," जोसलिन दारातूनच म्हणाली. "ब्रेंटला तू फार आवडलीस. असा समजूतदार संसार त्याने कुठल्याच शहरात पाहिला नाही म्हणे. टीव्हीवर जाहिरात करायचीय. तू आणि नॉर्बकाका, सकाळचा नाश्ता करताय, बर्फावर बोलताय, आणि शेवटी म्हणताय, आमचं दोघांचं ठरलंय, लिंडक्विस्ट."

"ब्रेंटला सांग, नवरा वारला."

"विधवांचा रकाना वेगळा आहे! आणि परवा नवऱ्याच्या शांत स्वभावाचं केवढं कौतुक केलंस तू. तेव्हा काय मेलेल्या माणसाबद्दल बोलत होतीस?"

"मग खरं सांगून टाक."

जोसलिनचा आवाज एकदम खाली गेला. "खरं सांगितलं तर मी त्याच संध्याकाळी बाहेर. आणि मावशी, हे काम मला आवडतं गं. पहिल्यांदाच काहीतरी आवडलंय."

क्लॉडेटबाईंना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी फोन उचलला.

नॉर्बर्ट शिमान्स्की, म्हणजे बाईंचा पूर्वीचा नवरा, नदीच्या दक्षिण काठावर, आपल्या दिवंगत आईच्या घरात राहत होता. बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झाला होता आणि आता गुरुवारी बोलिंग, रविवारी रेडिओवर पोलिश लोकांच्या पोल्का नाचाची गाणी ऐकणं एवढंच वेळापत्रक होतं.

"नॉर्ब? मी क्लॉडेट."

पलीकडून दबक्या आवाजात प्रश्न आला. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. शनिवारी सकाळी माझा नवरा व्हायला वेळ आहे का तुला?"

"किती वेळ लागेल?"

"दोनेक तास."

"मागच्या खेपेला एकोणीस वर्षं लागली." त्याने थोडा विचार केला. "अंडी असतील का?"

"असतील."

"येतो मग."

शनिवारी नॉर्ब वेळेआधीच आला. रात्री बर्फ पडला होता. बाईंच्या दारातली वाट बुजलेली पाहून त्याला राहवलं नाही, आणि आत न जाता त्याने तिथलंच फावडं घेऊन कामाला सुरुवात केली. थोड्या वेळाने कॅमेऱ्याची गाडी आली. तिच्यातून ब्रेंट आणि जोसलिन उतरले.

"झकास साफ केलंत!" ब्रेंट नॉर्बला म्हणाला. "या घरातले गृहस्थ आत आहेत का?"

"नाहीत," नॉर्ब म्हणाला. "बाहेर आहेत. मीच तो."

ब्रेंटने नॉर्बचा लालबुंद चेहरा पाहिला, टोपीखालून डोकावणारे पिवळट पांढरे केस पाहिले, निळे डोळे पाहिले. मग जोसलिनकडे पाहिलं. जोसलिन आकाशाकडे पाहत होती. नॉर्बकाका गोरे आहेत ही गोष्ट तिला जन्मापासून माहीत असल्यामुळे सांगायची राहून गेली होती.

"यांचं नाव?"

"शिमान्स्की."

"म्हणजे बाईसुद्धा शिमान्स्की?" ब्रेंटने तिथेच बर्फात उभं राहून मांडीवर संगणक उघडायचा प्रयत्न केला. मतदारांच्या यादीत इथे कुणाचा रंग लिहिलेला नसतो. तो ब्रेंटचा संगणक आडनावावरून ताडतो. शिमान्स्की म्हटल्यावर त्याने क्लॉडेटबाईंना डोळे मिटून गोऱ्या, पोलिश आणि दक्षिण काठाच्या ठरवून टाकलं होतं.

बाई दारात येऊन ऐकत होत्या. "असं होय! म्हणून मला दर मार्चला पोल्का नाचाची आमंत्रणं येतात! मी म्हणत होते, एवढं कोण वाट पाहतंय माझी."

"लग्नानंतर माहेरचं नाव तरी ठेवायचं होतंत," ब्रेंट काकुळतीने म्हणाला.

"अरे बाळा, चारशे पोरांना शिमान्स्की उच्चारायला शिकवलंय मी. आता बदलते कुठे!" 'आता बदलते कुठे' म्हणण्यात घटस्फोटाचा वास होता, पण तो ब्रेंटच्या नाकापर्यंत पोचला नाही.

ब्रेंट पाच मिनिटं गाडीत जाऊन बसला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "अहो, हे तर त्याहून चांगलं! गोरा विवाहित पुरुष आणि कृष्णवर्णीय विवाहित बाई. दोन रकाने, एक टेबल! हीच जाहिरात उत्तरेला दाखवू आणि दक्षिणेलाही."

आत टेबलावर अंडी, टोस्ट, कॉफी मांडली होती. नॉर्ब पूर्वीच्याच खुर्चीवर जाऊन बसला, कुणी न सांगता. बाईंनी कॉफी ओतली तेव्हा त्याची नजर त्यांच्या हातावर गेली.

"अजून घालतेस?" तो हळूच म्हणाला.

"साबणाने चढवली, निघत नाही. उगाच काही मनात आणू नकोस."

"नाही आणत," तो म्हणाला, पण त्याने अंडी खायला जरा उशीरच लावला. बाईंनाही उगीचच बरं वाटलं आणि त्याचा त्यांना रागही आला.

कॅमेरा सुरू झाला. "बर्फाबद्दल बोला," ब्रेंट म्हणाला. "घरच्यासारखं."

"बर्फ काही त्या ड्रायव्हरचा दोष नाही," नॉर्ब घरच्यासारखं बोलू लागला. "तुझी गाडीची वाटच उताराच्या बाजूला आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तू तेव्हा सांगितलं होतंस की इथे बर्फ साठणारच नाही."

"कॅनडाकडून वारा येईल असं कुणाला वाटलं होतं?"

"विस्कॉन्सिनमध्ये? सगळ्यांना!"

"फार छान," ब्रेंट कुजबुजला. "अस्सल आहे. आता मतदानावर या. दोघं मिळून ठरवता तुम्ही, हो ना?"

इथे दोघंही एकदम हसले. ब्रेंटला तेही छान वाटलं.

"मिळून?" नॉर्ब म्हणाला. "एकोणीस वर्षं ही एकाला मत द्यायची, मी दुसऱ्याला. थंडीत तासभर रांगेत उभं राहायचं, एकमेकांचं मत खोडायचं आणि घरी येऊन सूप प्यायचं."

"एकदा मीच म्हटलं," क्लॉडेटबाई सांगू लागल्या, "नॉर्ब, आपण दोघंही घरी बसू. निकाल तोच लागेल आणि पाय तरी दुखणार नाहीत. हात मिळवले आम्ही."

"मग?" ब्रेंटने विचारलं. आता तो खुर्चीच्या कडेवर आला होता.

"मी म्हटलं, दूध आणून येते."

"मी म्हटलं, गाडीत पेट्रोल भरून येतो."

"आणि मी शाळेच्या दारात मतदानाच्या रांगेत उभी, तर माझ्यापुढे तिसरा माणूस हा!"

"माझ्यापुढे म्हणू नकोस. मी पुढे होतो म्हणजे तू नंतर आलीस, एवढंच. वचन दोघांनी मोडलं."

"तू आधी मोडलंस!"

"तिथेच सगळं बिनसलं बघ," नॉर्ब कॅमेऱ्याकडे वळून, मनापासून म्हणाला. "मत काय, कुणालाही देईल माणूस. पण ते दूध! त्यानंतर वर्षाच्या आत आमचा घटस्फोट."

क्लॉडेटबाईंनी नॉर्बच्या नडगीवर लाथ मारली, पण उशीर झाला होता.

"घटस्फोट," ब्रेंट म्हणाला. त्याने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. घटस्फोटित बायका, त्याच्या तक्त्याप्रमाणे, हॉफनरच्या पक्क्या. म्हणजे महापौरांच्या जाहिरातीत त्याने हॉफनरची बाई नाश्त्याला बसवली होती.

"माझी चूक आहे," जोसलिन म्हणाली. "मावशीचा काही दोष नाही. मी सांगितलं म्हणून ती आली. मी आजच..."

"थांब!" ब्रेंटने हात वर केला. त्याच्या डोळ्यांसमोर काय काय गेलं असेल ते सांगता येत नाही, पण त्यात महापौर नक्की होते. कारण काल रात्रीच त्याने त्यांना फोन करून सांगितलं होतं की उत्तर काठाचं कुलूप आपण उघडलं. जोसलिनची चूक बाहेर आली तर तिच्यामागोमाग त्याचं कुलूपही बाहेर येणार होतं. तो कॅमेरावाल्याकडे वळला. "मतदानावरचं सगळं काप, आणि 'आमचं ठरलंय, लिंडक्विस्ट' तेवढं यांच्याकडून म्हणवून घे."

"आणि आपण... त्यांना विवाहित म्हणायचं?" जोसलिनने विचारलं.

"मुळात विवाह म्हणजे काय?" ब्रेंट म्हणाला. "एका टेबलावर बसून भांडणं. ते आपल्याकडे आहे. आणि जोसलिन, तू या गोष्टीचा कुठे उच्चार करायचा नाहीस. मीही करणार नाही. निवडणूक झाली की माझ्या वॉशिंग्टनच्या कंपनीत तू कायम."

अशी जोसलिनची नोकरी वाचली. खोटं पकडलं गेलं नसतं तर ती एप्रिलपर्यंतच टिकली असती.

जाहिरात झळकली आणि क्लॉडेटबाईंची घरबसल्या बदनामी झाली. चर्चमधल्या बायकांनी, पुन्हा केलेल्या लग्नाला बोलावलं नाही म्हणून, आधी अबोला धरला आणि मग आहेराचं भांडं आणून दिलं. पाद्रीबुवांनी भर सभेत देवाचे आभार मानले. नॉर्बच्या बोलिंगच्या दोस्तांनी त्याला बिअर पाजली. लोकांना संशय नको म्हणून तो बर्फ पडला की फावडं घेऊन यायचा, आणि आला की अंडी खाऊन जायचा. बर्फ संपल्यावरही दोन-तीनदा आला. तेव्हा मात्र कारण कुणी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये निवडणूक झाली. लिंडक्विस्ट अगदी थोडक्यात पडले. ब्रेंटने ताबडतोब अहवाल लिहिला की विवाहितांनी आपलं काम चोख बजावलं, घात अविवाहितांनी केला. आणि पुढच्या शहराची तयारी करायला निघून गेला.

त्या शुक्रवारी जोसलिनने, कायम झाल्याबद्दल, मावशी-काकांना दक्षिण काठावरच्या खानावळीत तळलेला मासा खायला नेलं. शुक्रवारी तिथे अख्खा काठ मासा खायला लोटतो. टेबल मिळेपर्यंत भूक खवळली होती. मासा आला, बटाट्याचे पॅनकेक आले, राय ब्रेड आला. जोसलिन खुशीत होती.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "मत कुणाला दिलंत? ब्रेंटला नाही सांगणार."

"हॉफनरला," नॉर्ब आणि क्लॉडेटबाई एकाच वेळी म्हणाले.

नॉर्बने काटा खाली ठेवला. "तू? हॉफनरला?"

"आणि तू?"

"तू टीव्हीवर एवढ्या ठसक्यात म्हणालीस, आमचं ठरलंय, लिंडक्विस्ट! मला वाटलं, ही खरंच त्याला देणार. म्हटलं, आपण जाऊन खोडावं."

"अरे देवा! मीही तुलाच खोडायला गेले होते!"

एकोणीस वर्षं एका छपराखाली राहून जे जमलं नव्हतं ते नदीच्या दोन काठांवर राहून जमलं होतं. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नॉर्बचा हात हसता हसता त्यांच्या हातावर पडला आणि तिथेच राहिला.

"आणि तुझं काय गं?" क्लॉडेटबाईंनी डोळे पुसत भाचीला विचारलं. "तू तरी आपल्या साहेबाच्या माणसाला दिलंस ना?"

जोसलिन माशावर लिंबू पिळू लागली. "मी त्या दिवशी पहाटेपासून आपल्या शाळेच्या दारात उभी होते, मावशी. मत देऊन बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं होतं, कोण, लग्न झालंय का, कुणाला दिलंत."

"त्याच शाळेत तुझंही मतदान असतं."

"हो."

"मग दहा पावलं आत गेली नाहीस?"

"ब्रेंट म्हणाला होता, जागा सोडू नकोस. आणि..." जोसलिनने लिंबाची फोड खाली ठेवली. "कृष्णवर्णीय, अविवाहित, तिशीच्या आतली. आमच्या रकान्यातली सगळी मतं त्याने फेब्रुवारीतच मोजून टाकली होती गं. मला वाटलं, माझं मत देऊन झालंय."

नॉर्बने मावशीकडे पाहिलं. मावशीने भाचीपुढची माशाची थाळी उचलली आणि नॉर्बपुढे सरकवली.

"खा तू," त्या म्हणाल्या. "हिचं जेवणही ब्रेंटने फेब्रुवारीतच मोजलं असेल."